सलाइन किती वाजता लावलं, तेही सांगा

प्रति,
इम्युनोथेरपीच्या चाचण्या आखणारे संशोधक, ही औषधं बनवणाऱ्या कंपन्या आणि त्यांना मान्यता देणाऱ्या नियामक संस्था,

महोदय/महोदया,

कर्करोगावरच्या इम्युनोथेरपीच्या, म्हणजे शरीराच्या रोगप्रतिकारक पेशींना कर्करोगाशी लढायला मोकळं करणाऱ्या, कुठल्याही औषधाचं माहितीपत्रक उघडा. मात्रा किती, दोन मात्रांमध्ये किती आठवड्यांचं अंतर, सलाइन किती मिनिटांत चढवायचं, तयार केलेलं औषध फ्रिजबाहेर किती तास चालतं, सगळं त्यात असतं. सलाइन सकाळी लावायचं की संध्याकाळी, याबद्दल मात्र अवाक्षर नसतं. मी शरीरक्रियाविज्ञान शिकवतो. जैविक घड्याळाचा धडा संपला की वर्गात कुणीतरी विचारतंच, ‘मग औषधांचं काय?’ पूर्वी मी दमा आणि संधिवाताची उदाहरणं देऊन मोकळा व्हायचो. आता तेवढ्यावर भागत नाही, म्हणून हे पत्र.

मागणी आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना माझा रोख कुठे आहे ते लक्षात राहील. तुमच्या पूर्ण झालेल्या चाचण्यांमध्ये प्रत्येक रुग्णाचं प्रत्येक सलाइन किती वाजता सुरू झालं, ती माहिती खुली करा. आणि यापुढच्या चाचण्यांपैकी निदान काहींमध्ये ती वेळ सोयीवर न सोडता चिठ्ठ्या टाकून ठरवा.

हा प्रश्न हवेतून आलेला नाही. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठाच्या गटाने मेलानोमाच्या, म्हणजे त्वचेच्या एका आक्रमक कर्करोगाच्या, २९९ रुग्णांच्या जुन्या नोंदी तपासल्या. ज्यांची किमान एक पंचमांश सलाइनं दुपारी साडेचारनंतर लागली होती, त्यांचं आयुष्यमान इतरांपेक्षा कमी निघालं. वय, आजाराची स्थिती वगैरे बाबतींत सारख्या रुग्णांच्या जोड्या लावून पाहिल्यावरही फरक टिकला आणि मृत्यूचा धोका जवळपास दुप्पट दिसला. पुढच्या वर्षी फ्रान्समध्ये फ्रान्सिस लेव्ही यांच्या गटाने निव्होलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध घेणाऱ्या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ९५ रुग्णांचा हिशेब मांडला. सकाळच्या गटाचं मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण निदान इतके जगले) सुमारे ३४ महिने, दुपारच्या गटाचं १० महिन्यांहूनही कमी. त्यानंतर इतर कर्करोगांमध्येही असे अभ्यास येत राहिले आणि बहुतेकांचा कल त्याच बाजूला होता.

खरं सांगायचं तर हे आकडे वाचून मला आनंदापेक्षा संशय जास्त वाटला. नात्यातल्या एका रुग्णासोबत डे-केअरमध्ये बसण्याची वेळ माझ्यावर आली आहे. तिथे कुणाचं सलाइन कधी लागतं, हे घड्याळ ठरवत नाही. सकाळी रक्त द्यायचं, रिपोर्टची वाट पाहायची, डॉक्टरांनी ‘चालेल’ म्हणायचं, मग फार्मसी औषध तयार करणार, आणि तोवर खुर्ची रिकामी झालेली असेल तर नर्स हाक मारणार. ज्याचा रिपोर्ट व्यवस्थित, तो अकराला खुर्चीत. ज्याचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) वाढलंय किंवा ज्याला काल रात्री ताप होता, त्याच्यासाठी डॉक्टरांना बोलवायचं, कधी पुन्हा रक्त तपासायचं, आणि सगळं जुळून येईपर्यंत चार वाजायचे. थोडक्यात, ज्याची तब्येत जास्त बिघडलेली तोच उशिरा खुर्चीत बसतो. अशा रुग्णांचं आयुष्य कमी भरलं, तर दोष घड्याळाला द्यायचा की आजाराला? उलट बाजूही आहे. नोकरी सांभाळून उपचार घेणारा, अंगात ताकद असलेला रुग्णही संध्याकाळची वेळ मागून घेतो. हे सगळे धागे एकमेकांत गुंतलेले असतात आणि जुन्या फायली उलगडून ते सुटे होत नाहीत.

आणखी एक गोची आकडेमोडीतच आहे. ‘उशिरा लागलेल्या सलाइनांचा हिस्सा’ मोजायचा झाला, तर तो उपचार संपल्यावरच मोजता येतो. ज्याला दोनच सलाइनं मिळाली त्याचं एक उशिरा लागलं की हिस्सा पन्नास टक्के. ज्याला वीस मिळाली त्याला पाचव्या हिश्शापर्यंत पोहोचायला चार उशिरा लागावी लागतात. आणि वीस सलाइनं मिळायला आधी तितके दिवस जगावं लागतं! काळजीपूर्वक काम करणारे संशोधक याची भरपाई करायचा प्रयत्न करतात, पण ती पुरेशी झाली की नाही हे बाहेरच्या वाचकाला कळत नाही.

म्हणूनच चीनमधल्या चाचणीचं महत्त्व. ‘लंगटाइम-सी०१’ या नावाची ही चाचणी २०२५ मध्ये अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजीच्या अधिवेशनात मांडली गेली. फुप्फुसाच्या कर्करोगाचे २१० रुग्ण चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटले गेले. दोन्ही गटांना औषधं तीच, केमोथेरपी आणि इम्युनोथेरपी एकत्र. फरक इतकाच, की पहिल्या चार फेऱ्यांत एका गटाला इम्युनोथेरपी दुपारी तीनच्या आधी आणि दुसऱ्याला तीननंतर. आधीच्या गटात आजार पुन्हा वाढेपर्यंतचा काळ जवळपास दुप्पट निघाला आणि एकूण आयुष्यही स्पष्टपणे जास्त. इथे रिपोर्ट बिघडलेला रुग्ण आपोआप संध्याकाळी ढकलला जात नव्हता. वेळ चिठ्ठीने ठरली होती.

तरीही माझा संशय संपलेला नाही आणि तुमचाही संपू नये. रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही वेळ माहीत असणं इथे अटळच होतं, आणि स्कॅन पाहून ‘गाठ वाढली’ असा निर्णय करण्यात माणसाचा हात असतो. केमोथेरपी सोबत असल्याने फायदा नेमका कशाच्या वेळेचा, हे सुटं करता येत नाही. केमोआधी उलटी आणि ॲलर्जी टाळण्यासाठी बऱ्याचदा डेक्सामेथासोन देतात. ते स्टिरॉइड रोगप्रतिकारक पेशींना दाबतं आणि शरीराच्या घड्याळालाही ढकलतं, हा वेगळाच गुंता. शिवाय फरक इतका मोठा आहे की पुष्कळ नव्या औषधांनाही तो साधत नाही. इतका मोठा परिणाम दिसला की पहिली प्रतिक्रिया ‘पुन्हा करून पाहा’ हीच असायला हवी.

आणि इथेच माझी तक्रार आहे. असा आकडा एखाद्या नव्या रेणूने दिला असता, तर वर्षभरात निरनिराळ्या देशांत त्याच्या मोठ्या चाचण्या सुरू झाल्या असत्या. ‘सकाळी दहा वाजता’ याचं पेटंट कुणाला मिळत नाही. त्यामुळे या प्रश्नाला मालक नाही आणि ज्याला मालक नाही त्या प्रश्नाला पैसा नाही. त्यावर काम करणारे आहेत ते आपापल्या संस्थांच्या जोरावर, शे-दोनशे रुग्ण गोळा करून.

असा परिणाम शक्य तरी आहे का, असं तुमच्यापैकी कुणी विचारेल. शक्य नक्कीच आहे. मेंदूतलं मध्यवर्ती घड्याळ उजेडावर चालतं, पण तीच यंत्रणा, क्लॉक, बीमॅल१, पर, क्राय या जनुकांची, जवळपास प्रत्येक पेशीत असते. फळमाशीतल्या या यंत्रणेचा उलगडा केल्याबद्दल हॉल, रॉसबाश आणि यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. पुढच्याच वर्षीचं वैद्यकाचं नोबेल ॲलिसन आणि होंजो यांना मिळालं, रोगप्रतिकारक पेशींचे ‘ब्रेक’ सोडवून कर्करोगाशी लढता येतं हे दाखवल्याबद्दल. एकापाठोपाठ एक आलेले हे दोन शोध, आणि दोघांना जोडणारा प्रश्न मात्र अजून कडेलाच पडून आहे.

माणसाच्या रक्तातल्या टी-पेशींची, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींची, संख्या दिवसभर सारखी नसते. रात्री ती वाढते. पहाटे कॉर्टिसोल हे संप्रेरक चढू लागलं की त्यातल्या बऱ्याच पेशी रक्त सोडून ऊतींकडे, लसिकाग्रंथींकडे वळतात आणि सकाळी उशिरा रक्तातली संख्या तळाला जाते. म्हणजे सकाळी रक्त तपासलं तर पेशी कमी दिसतात, पण त्या संपलेल्या नसतात, कामावर गेलेल्या असतात. जिनेव्हामध्ये क्रिस्टोफ शायरमान यांच्या प्रयोगशाळेने हे उंदरांमध्ये बारकाईने तपासलं आहे. लसिकाग्रंथींमध्ये पेशींची ये-जा ठरावीक वेळांना होते. त्याच गटाने उंदरांमध्ये तीच गाठ, तितक्याच पेशींची, दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी रोवून पाहिली. पुढे गाठी लहान-मोठ्या झाल्या, त्या कधी रोवल्या त्यानुसार. शत्रूची ओळख पटवून देणाऱ्या डेंड्रिटिक पेशी किंवा मारेकरी टी-पेशी काढून टाकल्या, की हा फरक नाहीसा झाला. नंतरच्या कामात गाठीत शिरणाऱ्या टी-पेशींची संख्याही दिवसभर वरखाली होताना दिसली. एक गोष्ट मात्र विसरून चालणार नाही. उंदीर निशाचर असतो. त्याची ‘विश्रांतीची वेळ’ म्हणजे आपला कामाचा दिवस. तिथला तास उचलून इथे चिकटवता येत नाही.

आता सगळ्यात अवघड आक्षेप. तो मला खरोखर अस्वस्थ करतो. ही औषधं म्हणजे अँटिबॉडी. पेम्ब्रोलिझुमॅब किंवा निव्होलुमॅब रक्तातून निम्मं व्हायला तीन आठवडे किंवा त्याहून थोडे जास्त लागतात. निव्होलुमॅबच्या सुरुवातीच्या अभ्यासांत तर टी-पेशींवरचे रिसेप्टर, म्हणजे औषध जिथे चिकटतं त्या जागा, दोन महिन्यांनंतरही व्यापलेले आढळले होते. जे औषध आठवडेच्या आठवडे शरीरात ठाण मांडून बसतं, सगळे दिवस आणि सगळ्या रात्री पाहतं, त्याला ते कितीला आत शिरलं याने काय फरक पडावा?

एक शक्यता अशी, की पहिले काही तासच निर्णायक असतात. औषध रक्तात सगळ्यात दाट असतं तेव्हा कोणत्या पेशी कुठे आहेत, यावर ती पहिली ठिणगी पडते की नाही हे ठरत असावं. चीनच्या चाचणीत फक्त पहिल्या चार फेऱ्यांची वेळ बांधलेली होती, हे या कल्पनेशी जुळतं. पण जुळणं म्हणजे सिद्ध होणं नव्हे. दुसरी शक्यता सरळ आहे, की परिणाम दाखवतात तितका मोठा नाहीच.

या दोन शक्यतांमध्ये निवाडा करणारा एक नैसर्गिक प्रयोग तुमच्या हातात आयता पडलेला आहे, आणि हे पत्र लिहिण्याचं निम्मं कारण तोच आहे. गेल्या काही वर्षांत हीच औषधं कातडीखाली टोचायच्या रूपात आली आहेत. अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने २०२४ मध्ये ॲटेझोलिझुमॅब आणि निव्होलुमॅबच्या अशा रूपांना मान्यता दिली, २०२५ मध्ये पेम्ब्रोलिझुमॅबच्या. इंजेक्शन काही मिनिटांत होतं, पण औषध कातडीखालून हळूहळू झिरपतं आणि रक्तातली पातळी शिखरावर पोहोचायला काही दिवस जातात. सलाइनमध्ये ते शिखर औषध चढवून झालं की लगेच येतं. मान्यतेसाठी याच दोन पद्धतींची समोरासमोर तुलना करणाऱ्या चाचण्या झालेल्या आहेत. तेव्हा त्या चाचण्यांमधल्या सलाइनच्या रुग्णांची सकाळ-संध्याकाळ अशी विभागणी करा, आणि तशीच इंजेक्शनच्या रुग्णांची. पहिल्या तासांचा सिद्धान्त खरा असेल, तर सलाइनच्या गटात वेळेचा फरक दिसायला हवा आणि इंजेक्शनच्या गटात तो पुसट व्हायला हवा. दोन्हीकडे सारखाच फरक दिसला, तर संशयाची सुई पुन्हा ‘जास्त आजारी रुग्ण उशिरा खुर्चीत बसतो’ याकडे वळेल. दोन्हीकडे काहीच दिसलं नाही, तर तेही कळू द्या. यासाठी एकाही नव्या रुग्णाला सुई टोचावी लागणार नाही.

वेळेची नोंदच नाही, असं कृपया सांगू नका. औषधाची रक्तातली पातळी मोजायची असेल, तर ते किती वाजता सुरू झालं आणि नमुना किती वाजता घेतला, दोन्ही लिहावंच लागतं. नर्सच्या कागदावर ते असतं आणि बहुतेक वेळा तुमच्या माहितीसाठ्यातही. प्रसिद्ध होणाऱ्या तक्त्यात तेवढा रकाना गायब असतो.

घाईने ‘सगळ्यांना सकाळी’ असा फतवा काढावा, असं मी मुळीच म्हणत नाही. या क्षेत्रात हात पोळल्याची उदाहरणं आहेत. रक्तदाबाच्या गोळ्या रात्री घेतल्या तर हृदयविकाराचे आणि पक्षाघाताचे झटके जवळपास निम्म्याने घटतात, असं २०१९ मध्ये स्पेनच्या ‘हायजिया’ चाचणीने सांगितलं. लगोलग बातम्या झाल्या, अनेकांनी गोळ्यांची वेळ बदलली. २०२२ मध्ये ब्रिटनच्या ‘टाइम’ चाचणीने २१ हजारांहून अधिक लोकांवर तेच तपासलं आणि सकाळ-रात्रीत काहीच फरक आढळला नाही. दुसरं उदाहरण तर आपल्याच दारातलं. मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी केमोथेरपी जैविक घड्याळानुसार दिली, तर तोंड येण्यासारखे त्रास खूप कमी होतात, असं १९९०च्या दशकात लेव्ही यांनीच दाखवलं होतं. पुढे ५६४ रुग्णांच्या युरोपीय चाचणीत, जिचे निष्कर्ष २००६ मध्ये आले, एकूण आयुष्यात फरक नव्हता. पण गट फोडून पाहिल्यावर पुरुषांना फायदा झालेला आणि स्त्रियांचं नुकसान झालेलं दिसलं. सरासरीच्या आड दोन उलटे परिणाम लपले होते. तेव्हा वेळ चिठ्ठीने ठरवाल त्या प्रत्येक चाचणीत स्त्री-पुरुषांचे निकाल वेगळे द्या. ही शिकवण वीस वर्षांपूर्वीच मिळालेली आहे.

लसींच्या बाबतीतही चित्र सरळ नाही. बर्मिंगहॅममध्ये ६५ वर्षांवरच्या २७६ जणांना फ्लूची लस सकाळी किंवा दुपारी दिली, तेव्हा तीनपैकी दोन विषाणूप्रकारांसाठी सकाळच्या गटात अँटिबॉडी जास्त वाढल्या. कोविडच्या लसींवरचे अभ्यास मात्र आपसांत भांडतात. कुठे सकाळ सरस, कुठे दुपार.

संधिवातात मात्र वेळेचा उपयोग करून खरंच औषध बनलं. या आजारात रात्री इंटरल्यूकिन-६ हे दाह वाढवणारं प्रथिन चढतं आणि सकाळी सांधे आखडतात. म्हणून झोपताना घ्यायची आणि साधारण चार तासांनी, मध्यरात्रीनंतर विरघळणारी प्रेडनिसोन या स्टिरॉइडची गोळी तयार झाली. २००८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या २८८ रुग्णांच्या चाचणीत तेच औषध सकाळी घेणाऱ्यांच्या तुलनेत हिने सकाळचं आखडणं कमी केलं. यात मला महत्त्वाचं वाटतं ते इतकंच, की आधी लय मोजली, मग औषध त्या लयीला बसवलं, मग चिठ्ठ्या टाकून तपासलं. तुमच्या क्षेत्रात पहिल्या आणि तिसऱ्या पायरीची थोडीफार सुरुवात झालीय, पण अजून घड्याळही भिंतीवरचंच मोजलं जातं.

म्हणजे काय, ते सांगतो. दुपारी तीन ही वेळ सगळ्यांच्या शरीरात एकाच ठिकाणी नसते. पहाटे पाचला उठणारा आणि रात्री दोनला झोपणारा, दोघांची घड्याळं काही तासांनी पुढेमागे असतात. रात्रपाळी करणाऱ्यांचं तर विचारूच नका. कर्करोगाच्या रुग्णांची झोप आजाराने, वेदनेने, स्टिरॉइडने आधीच विस्कटलेली असते. निदान झोपेची आणि उठण्याची वेळ विचारून लिहून ठेवा. दोन प्रश्न आहेत, रुग्णाचं मिनिटभर जाईल.

सकाळच सरस ठरली, तर सकाळच्या खुर्च्या मोजक्याच आहेत ही अडचण येणारच. तेव्हा ओळखीपाळखीच्या लोकांनी सकाळच्या वेळा पटकावल्या आणि बाकीचे संध्याकाळवर गेले, असं होणं अगदी शक्य आहे. म्हणूनच फक्त पहिल्या दोन-तीन मात्रांची वेळ सांभाळणं पुरतं का, हे तपासणारी चाचणी मला सगळ्यात निकडीची वाटते. ते पुरत असेल, तर नव्या रुग्णांना सकाळ आणि जुन्यांना दुपार, अशी न्याय्य विभागणी एकही खुर्ची न वाढवता करता येईल.

हे पत्र रुग्ण आणि त्यांचे नातेवाईकही वाचतील, म्हणून एक वाक्य त्यांच्यासाठी. दुपारची वेळ मिळाली म्हणून मात्रा चुकवू नका, पुढेही ढकलू नका. सकाळची जागा असेल का, असं विचारायला हरकत नाही, पण ‘नाही’ म्हणाले तर मिळालेल्या वेळी जाऊन औषध घ्या.

आणि तुमच्याकडून मला हवं आहे ते असं. कातडीखालच्या रूपांच्या तुलना-चाचण्यांपासून सुरुवात करा. प्रत्येक मात्रेची सुरू होण्याची वेळ, ती कोणत्या केंद्रात दिली, त्या दिवशी आधी स्टिरॉइड दिलं होतं का आणि किती वाजता, एवढे रकाने नावं काढून स्वतंत्र संशोधकांना द्या. नियामकांनी नव्या अर्जांमध्ये हे रकाने सक्तीचे करावेत, म्हणजे पुढच्या वेळी कुणाला पत्र लिहून मागावं लागणार नाही. विश्लेषण कसं करणार, हे आकडे उघडण्याआधी जाहीर करा, आणि निकाल तुमच्या औषधाच्या वेळापत्रकाला गैरसोयीचा निघाला तरी छापा.

आपला,
शरीरक्रियाविज्ञानाचा एक शिक्षक